सेव्ह केले म्हणजे नेमके काय केले?

सर्किटची रचना करण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात फ्लॉपी डिस्कचे एक चिमुकले चित्र असते आणि ते दाबले की केलेले काम सुरक्षित झाले, अशी अभियंत्यांची सार्वत्रिक श्रद्धा आहे. सोनीसारख्या कंपनीनेही जपानमध्ये फ्लॉपी विकणे २०११ साली थांबवले असल्यामुळे आज अभियांत्रिकी शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ही वस्तू प्रत्यक्ष पाहिलेली नसते. तथापि न पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे हेच श्रद्धेचे लक्षण असल्याने तेवढ्यावरून काही अडत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी.

पत्र लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही श्रद्धा सहसा दगा देत नाही, कारण तेथे पत्र एक आणि फाइलही एकच असते. सर्किटचे तसे नाही. त्याचे एक रूप म्हणजे स्कीमॅटिक, म्हणजे कोणता घटक कोणत्या घटकाला जोडायचा हे चिन्हांनी दाखवणारा आराखडा; दुसरे रूप म्हणजे बोर्ड, म्हणजे तेच घटक पीसीबीवर (छापील सर्किटच्या पाटीवर) कोठे बसतील आणि तांब्याचे ट्रॅक कोठून जातील याचा नकाशा; आणि या दोहोंच्या मागे उभी असते लायब्ररी, जिच्यात प्रत्येक घटकाचे चिन्ह आणि बोर्डवर त्याला लागणाऱ्या जागेचा ठसा, ज्याला फूटप्रिंट म्हणतात, साठवलेला असतो. एका वाड्यात राहून चुली वेगळ्या मांडलेल्या भावांप्रमाणे ही मंडळी एकाच प्रकल्पाच्या नावाने ओळखली जातात, परंतु एकाच्या घरात काय शिजले हे दुसऱ्याला आपोआप कळत नाही. स्कीमॅटिकमध्ये कपॅसिटर बदलून सेव्ह करणाऱ्या अभियंत्याच्या मते सर्किट बदललेले असते, तर सॉफ्टवेअरच्या मते फक्त एक फाइल लिहिली गेलेली असते, आणि बोर्डवर जुना कपॅसिटर निर्धास्तपणे आपल्या जागी बसलेला असतो.

या भाऊबंदकीवर निरनिराळ्या सॉफ्टवेअरांनी निरनिराळे तोडगे काढले. जर्मनीत १९८८ मध्ये अवतरलेल्या ईगलने असा नियम केला की स्कीमॅटिक आणि बोर्ड दोन्ही एकाच वेळी उघडी असतील तरच एकातला बदल दुसऱ्यात तत्काळ उतरेल. एक खिडकी बंद करून दुसरीत काम करू पाहणाऱ्याला तो अशा सुरात इशारा देत असे की बॉम्ब निकामी करणाऱ्यानेही हात मागे घ्यावा. फ्रान्समध्ये जाँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कायकॅडने हा संबंध माणसाच्या स्वाधीन ठेवला: स्कीमॅटिकमधील बदल बोर्डवर न्यायचे असतील तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती दिल्यानंतर बोर्डही सेव्ह करावा लागतो. पॉट्सडॅम येथे जन्मलेल्या फ्रिट्झिंगने ब्रेडबोर्ड (घटक नुसते खोचून सर्किट जोडून पाहण्याची पाटी), स्कीमॅटिक आणि पीसीबी ही तिन्ही दृश्ये एकाच फाइलमध्ये घातली, जे नवशिक्यांसाठी निःसंशय सुखाचे आहे. मोठ्या बोर्डांची कामे करणारे मात्र त्याच्याकडे सहसा वळत नाहीत. एका बाबतीत ईगलचे कौतुक केलेच पाहिजे. मराठी माणूस रागावला की समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, ईगल मात्र प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत बाजूला ठेवून तब्बल नऊ पिढ्या जपत असे, आणि तेही एक अपशब्द न काढता.

लायब्ररीचे प्रकरण याहून गहन आहे. कायकॅडच्या सहाव्या आवृत्तीपूर्वी स्कीमॅटिकच्या फाइलमध्ये घटकाचे नाव, जागा वगैरेच लिहिलेले असे. त्याचे चिन्ह लायब्ररीतून येई आणि त्याची एक प्रत कॅश नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये पडून असे. ही कॅश म्हणजे काहीतरी केरकचरा आहे, असा अत्यंत तर्कसंगत समज करून घेऊन जो तिला वगळून प्रकल्प मित्राला पाठवी, त्याच्या मित्राला, तीच लायब्ररी त्याच्याकडे नसेल तर, सर्किटच्या जागी प्रश्नचिन्हे असलेल्या चौकटींचे अमूर्त चित्र पाहायला मिळे. अशा प्रसंगांसाठी सॉफ्टवेअरने पुढे ‘रेस्क्यू’ नावाची सोय केली. म्हणजे आधी माणसाला पाण्यात ढकलायचे आणि मग काठावर टायर टांगून ठेवायचा, असा हा परोपकार होता. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने चिन्हे स्कीमॅटिकच्या पोटातच ठेवली आणि हा विषय बराचसा मिटवला. बराचसाच, कारण आता लायब्ररीत चिन्ह दुरुस्त करून सेव्ह केले तरी स्कीमॅटिक आपली जुनी प्रत कवटाळून बसते, आणि ती बदलण्यासाठी पुन्हा वेगळी आज्ञा द्यावी लागते. हे वागणे सदोष नव्हे. चालू असलेल्या सर्किटचे चिन्ह परस्पर बदलू नये, हा विचार रास्तच आहे. दोष एवढाच की या तिन्ही ठिकाणी बटण एकच, त्यावरचे चित्र एकच, आणि मिळणारे समाधानही एकच.

पवईच्या आयआयटी मुंबईत, फॉसी प्रकल्पात तयार झालेल्या ई-सिम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हीच साखळी आणखी एका कडीने लांबते. तेथे स्कीमॅटिक कायकॅडमध्ये काढले जाते, त्यावरून नेटलिस्ट म्हणजे जोडण्यांची मजकूररूपी यादी तयार केली जाते, ती यादी एनजीस्पाइस या सिम्युलेटरला समजेल अशा रूपात बदलली जाते, आणि मगच सर्किटचे वर्तन आलेखात दिसते. विद्यार्थ्याने रोधाचे मूल्य एक किलोओहमवरून दहा किलोओहमवर नेले, मन लावून सेव्ह केले आणि मधल्या दोन पायऱ्या विसरून थेट सिम्युलेशन चालवले, तर आलेख तसूभरही हलत नाही. अशा वेळी विद्यार्थी स्वतःवर किंवा सॉफ्टवेअरवर शंका न घेता ओहमच्या नियमावर घेतो, हे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने चिंताजनक आहे.

मात्र सर्वांत महाग पडते ती शेवटची कडी. पीसीबी बनवणाऱ्या कारखान्याला सहसा प्रकल्पाची फाइल जात नाही; त्याच्याकडे जातात गर्बर फाइली, म्हणजे बोर्डच्या प्रत्येक थराचे स्वतंत्र रेखाटन, आणि सोबत कोठे भोके पाडायची याची फाइल. बोर्डमध्ये दुरुस्ती करून शंभर वेळा सेव्ह केले, तरी गर्बर कालचेच राहतात. त्यातच बोर्डवरील तांब्याचे मोठे पट्टे, ज्यांना झोन म्हणतात, ट्रॅक सरकवल्यानंतर पुन्हा भरून घ्यावे लागतात, अन्यथा जुन्या आकाराचे तांबे नव्या ट्रॅकवर आडवे पडू शकते. प्लॉट करण्यापूर्वी, म्हणजे गर्बर काढण्यापूर्वी, झोन तपासण्याची सोय कायकॅडने पुढे केली, ही गोष्ट किती जणांचे बोर्ड वाया गेल्यावर सुचली असावी याचा अंदाज वाचकानेच बांधावा.

सेव्ह हा व्यवहारच रद्द करावा, असे मत संगणकशास्त्रात जुने आहे. ॲलन कूपर यांनी १९९५ च्या ‘अबाउट फेस’ या ग्रंथात दाखवून दिले की खिडकी बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ असे विचारणे म्हणजे तात्पुरती स्मृती आणि डिस्क हा यंत्राचा घरगुती प्रश्न माणसाच्या गळ्यात मारणे होय. हा प्रश्न अचूक बस चुकण्याच्या वेळी विचारला जातो, ही त्यात घालावयाची पुस्ती. ॲपलने मॅक संगणकांच्या २०११ च्या लायन आवृत्तीत आपोआप सेव्ह होण्याची पद्धत आणून ‘सेव्ह ॲज’ला निरोप दिला, आणि पुढच्याच वर्षी लोकांच्या नाराजीमुळे त्याच ‘सेव्ह ॲज’ला मागच्या दाराने परत घेतले. सर्किटच्या बाबतीत तर हा उपाय सरसकट लागू करणे धोक्याचे आहे. अभियंता बोर्डवर सतत खोड्या करत असतो: जागा होते का हे पाहण्यासाठी ट्रॅक तोडतो, घटक उलटा करतो, भुकेच्या वेळी तसाच सोडून जेवायला जातो. फाइल बंद झाली की ‘अनडू’ची यादीही जात असेल, तर आपोआप झालेले सेव्ह ही खोडी कायमची करून टाकते; आणि फाइल सामायिक लायब्ररीची असेल तर शेजारच्या टेबलावरचा सहकारीही तिचा वाटेकरी होतो.

तेव्हा योग्य रचना अशी असावी की काम हरवू न देणे ही संपूर्णपणे यंत्राची जबाबदारी राहावी, त्याने ते न विचारता, इतिहासासकट आणि मुख्य फाइलला धक्का न लावता जपावे. आणि ‘हे सर्किट आता पक्के’ असे जाहीर करणे तेवढे माणसाकडे असावे, त्या वेळी मात्र बोर्ड मागे राहिला आहे, झोन भरलेले नाहीत, गर्बर जुने आहेत, हे सॉफ्टवेअरने स्पष्ट शब्दांत सांगावे. सेव्ह न झालेला बदल दाखवणारी शीर्षकपट्टीतली एक तारका एवढे सगळे सांगू शकत नाही. असे सॉफ्टवेअर हाती येईपर्यंत वाचकाने कारखान्याला फाइली पाठवण्यापूर्वी झोन पुन्हा भरावेत, गर्बर नव्याने काढावेत, आणि त्यांवरील तारीख व वेळ पाहून ते गर्बर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा उघडून बघावेत.