खड्ड्याचा बडग्या

“अवो काकू, तुमच्याकडं तणस हाये का तणस?”

“पोळा तोंडावर आला अन् तुले तणस काऊन पाहिजे वैनी? बैल बांधला का काय पोर्चमंधी?”

“बैल परवडला असता! गल्लीतल्या पोट्ट्यांनी बडग्या मांडला हाये आमच्याकडं. बांबूच्या कमच्या, रद्दी, ह्यांचा जुना पायजमा. अन् खळ शिजवाले मी. भल्ला पसारा झाला बाप्पा.”

“कोणाचा करून राहिले?”

“रस्त्यावरच्या खड्ड्याचा.”

“खड्ड्याचा? अवं, खड्डा म्हंजे नुसतं भोक, त्याले तोंड कुठून काढतीन? बडग्याले पोट पाहिजे, मिशा पाहिजे, गळ्यात पाटी पाहिजे. खड्डा बुजवल्याचं बिल ज्यानं काढलं, त्याचा करा म्हना.”

“नाव लिहायचं मंग?”

“नाव कशाले? पोट पाहूनच ओळखतात लोकं.”

“काकू, आमच्या अमरावतीकडं दारात पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवतात पोळ्याले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गावाबाहेर नेऊन फेकाचे, ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत. बस, एवढंच. इथं तं बाई अख्खं इतवारी रस्त्यावर येते!”

“हाव ना. मेढे साऱ्या विदर्भात, पण मिरवणुकीचा असा थाट नागपूरचाच. मारबत म्हंजे बाईचा पुतळा अन् बडग्या म्हंजे बुवाचा, एवढं ध्यानात ठेव. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ ची. पिवळी जागनाथ बुधवारीतली, तऱ्हाणे तेली समाजाची. तिच्या दर्शनाले बाया लेकरं घेऊन येतात, नवस बोलतात. अन् मंग तिलेच नेऊन जाळतात!”

“देवी म्हनून पुजाचं अन् जाळाचं? हे कसं काय?”

“घरातली इडापिडा, रोगराई ती संगं घेऊन जाते, म्हनून. काळीचं मात्र येगळं. ती कोन, ठाऊक हाये? बाकाबाई. भोसल्यांची राणी.”

“मायबाई! राजघराण्यातली?”

“मंग काय सांगून राहिली! १८५७ मंधी बाई इंग्रजाच्या बाजूनं गेली, असा लोकांचा राग. काही जनं म्हनतात, काळी म्हंजे कृष्णाले मारणारी पूतना. पन आमच्या सासूबाई बाकाबाईच म्हनत. सत्तावन ते एक्क्याऐंशी, मोज बरं. चोवीस वर्षं गावानं राग पोटात ठेवला अन् मंग बांबू-कागदाची बाई करून रस्त्यानं फिरवली. वर राज्य इंग्रजाचं! सण म्हनून निघालेल्या मिरवणुकीले कोन अडवंल?”

“डोकं हाये बुवा.”

“भोसल्यांच्याच राजधानीत, बरं का. तान्हा पोळाही त्यांनीच सुरू केला म्हनतात, लेकरांच्या लाकडी बैलांचा. त्याच दिवशी इकडं पोट्टे बोजाऱ्याचे पैसे मागत फिरतात अन् तिकडं नेहरू पुतळ्याजवळ काळी-पिवळीची भेट. मागून बडगे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, दहशतवादाचा. २०२५ मंधी तं ट्रम्पचा होता, त्यानं कर वाढवला म्हनून. अमेरिकेतला मानूस, पन इतवारीत त्याचीबी खैर नाई!”

“मले एक वाटते काकू. एवढी मेहनत अन् संध्याकाळी राख. जीव नाई जळत करणाऱ्यांचा?”

“उलट! पक्का पुतळा केला असता तं समिती बसली असती, परवानगी लागली असती, अन् नाक मोठं झालं म्हनून मोर्चा निघाला असता. हे संध्याकाळी जळते, म्हनून त्यात खरं बोलता येते. २०२० मंधी कोरोनापायी मिरवणूक निघाली नाई, तं लोकं चुकल्यावानी फिरत होते. शिव्या द्यायचा हक्काचा दिवसच गेला ना बाप्पा.”

“आमच्या पोट्ट्यांचा येगळाच हट्ट हाये. म्हनतात, तोंड कागदाचं कशाले, फ्लेक्स छापून चिपकवू. फोटोवानी दिसते.”

“खबरदार! फ्लेक्स जळत नाई, वितळते. अन् वास असा सुटते की इडापिडा जायच्या आधी आपनच पळू. वरून फोटो काय, कोनीबी छापून आनते. बडग्याचा डोळा तिरपा पाहिजे, ओठ वाकडा पाहिजे, अन् तो हातानंच वाकडा होते. तुझ्या पोट्ट्याले धड सरळ रेघ मारता येत नाई, त्यालेच तोंड रंगवाले लाव. झकास बडग्या होईन.”

“काकू, तुमी त्याची तारीफ करून राहिल्या का निंदा?”

“दोन्ही. अन् आयक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघू. भावजींले सांग, गाडी घरीच ठेवा, इतवारीत पाय ठेवाले जागा नसते. अन् फ्लेक्सचे पैसे वाचले तं पोट्ट्यांले रंग आनून दे, लाल जास्त आन.”