घर विकायचंय, पण घाई नाही

नवी मुंबईत माणसाला आधी नंबर मिळतो, नाव नंतर. सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, फ्लॅट असे सगळे आकडे सांगून झाले की मग आडनाव सांगायचं कारणच उरत नाही. नेरूळला आमच्या समोर राहणारे काका म्हणूनच गेली तीसेक वर्षं ‘तीनशेचार’ आहेत. दूधवाला त्यांना तसं म्हणतो, वॉचमन म्हणतो, आणि मेंटेनन्सच्या पावतीवर तर तेच ठळक असतं. फार चिडल्या की काकूसुद्धा “अहो तीनशेचार” अशी हाक मारतात.

तर तीनशेचारना घर विकायचंय.

आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीने या काळात पाच सेक्रेटरी आणि दोन पाण्याच्या टाक्या बदलल्या. विकायचा विचार तेवढा तसाच आहे. असा एक गृहस्थ वाशीपासून खारघरपर्यंत प्रत्येक सोसायटीत सापडतो. त्याच्या काखेत चेनची प्लॅस्टिकची फाईल असते. विषय कुठलाही निघो, मुलीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन, पावसाळा, तो “हे घर विकलं की...” अशी सुरुवात करतो आणि “अर्थात आपल्याला घाई नाही” असा शेवट.

घराबद्दल त्यांचं मत विचाराल तर वाईट आहे. तिसऱ्या मजल्यावर चढताना दम लागतो. खाडीच्या हवेने ग्रिल गंजतं, दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. वरच्या चारशेचारच्या बाथरूममधून यांच्या पॅसेजमध्ये ओल उतरते. या ओलीची त्यांनी जी निगा राखली आहे तशी मी पोटच्या पोरांचीही कुणी राखलेली पाहिली नाही. दर पावसाळ्याच्या अखेरीला ते स्टुलावर चढतात, ओल जिथवर आली असेल तिथे पेन्सिलने रेघ मारतात आणि शेजारी तारीख लिहितात. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर अशाच रेघा मुलाच्या उंचीच्या आहेत. मुलगा 2009 मध्ये पाच फूट नऊ इंचांवर थांबला आणि पुढे बंगळुरूला गेला. ओल अजून वाढीच्या वयात आहे.

गिऱ्हाईक यायचं असलं की या रेघांवर कॅलेंडर लटकतं. ते इतक्या उंचावर असतं की तारीख बघायला जिराफच हवा.

भाव ठरवायची त्यांची पद्धत मात्र कुठल्याही इस्टेट एजंटच्या आवाक्याबाहेरची आहे. फाईलमध्ये एक लाल वही आहे. 1994 साली बिल्डरला दिलेल्या पहिल्या चेकपासून सगळा खर्च तीत आहे. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवला तो, मोरीच्या टाइल्स, इन्व्हर्टर, सोसायटीच्या प्लास्टरसाठी दिलेली वर्गणी, आणि पाच वेळा केलेलं वॉटरप्रूफिंग. या सगळ्याची बेरीज, तिच्यावर व्याज आणि वर मनस्ताप म्हणून एक गोल रक्कम, हा झाला भाव. गिऱ्हाइकाला ते अभिमानाने सांगतात, “पाच वेळा वॉटरप्रूफिंग केलंय, बोला!” गिऱ्हाईक एकदा त्यांच्याकडे बघतं, एकदा छताकडे.

एजंट बिचारा म्हणतो, “सर, पार्टी जेन्युईन आहे, थोडं खाली या.”

“खाली कशाला यायचं? एअरपोर्ट होऊ दे.”

हा एअरपोर्ट आमच्याकडे कुलदैवतासारखा होता, सगळे नवस त्याच्या नावाने. 2018 च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं तेव्हा काकांनी भाव वाढवला. 2023 च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली तेव्हा पुन्हा वाढवला, जरी ती मेट्रो नेरूळला येत नाही. 2024 च्या 12 जानेवारीला अटल सेतू झाला, त्याचेही थोडे धरले. अखेर 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला विमानं उडू लागली. आता काकांची जाहिरात दोन वाक्यांची आहे. एअरपोर्ट अगदी जवळ आहे. विमानाचा आवाज अजिबात येत नाही.

आम्हाला वाटलं, आता तरी विकतील. काका म्हणाले, “आत्ता विकतो तो मूर्ख. रिडेव्हलपमेंट येतेय.”

खरं सांगायचं तर त्यांना दोष तरी किती द्यायचा? आपल्याकडे घर विकत घेणं सोपं म्हणावं इतकं विकणं अवघड आहे. भिंती आपल्या, पण खालची जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. जमीन फ्रीहोल्ड होणार अशी बातमी आली की काका कात्रण फाईलला लावतात. तोवर विकायचं तर सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस. सोसायटीचं ना-हरकत, त्यासाठी नो ड्यूज, त्यासाठी ज्या लीकेजच्या भांडणात मेंटेनन्स अडवून धरला होता तो आधी भरायचा. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, हा नियम काकांना पाठ आहे आणि सेक्रेटरीला आठवत नाही. एजंट दोन्हीकडून घेणार. पन्नास लाख किंवा त्याहून जास्तीचा व्यवहार असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरतो. हे ऐकून काका आठवडाभर फणफणत होते, “घर माझं, पैसे माझे, आणि कापणार तो?” वर नफ्यावरचा कर. जुन्या घरासाठी साडेबारा टक्के की महागाई वजा करून वीस टक्के, जे कमी पडेल ते. सीएने समजावलं की दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर हा कर वाचतो.

“म्हणजे या कटकटीतून सुटायला पुन्हा हीच कटकट विकत घ्यायची?” काका म्हणाले. सीएला यावर काही सुचलं नाही, पण फी त्याने घेतली. ती लाल वहीत आहे.

गेल्या जानेवारीत एक जोडपं आलं. दोघंही ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, तिला दिवस गेलेले. तीन मजले चढून आली आणि एका शब्दाने लिफ्टचं विचारलं नाही. हवा येते म्हणाली. काकांनी भाव सांगितला. आम्ही सगळे कान देऊन होतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये दार उघडं असलं की तो विषय सार्वजनिक असतो.

तो मुलगा म्हणाला, “चालेल काका.”

काकांचा चेहरा पडला. घासाघीस न करता होकार म्हणजे आपण कमी सांगितलं, ही शंका त्यांना लगेच आली असणार. काकूंनी घाईघाईने चहा टाकला, जाताना फाईलही काढून टेबलावर ठेवली. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सगळं ओळीने. एजंट मनातल्या मनात दोन्हीकडची टक्केवारी मोजत होता.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “ही भिंत पाडू या ना. चौकट काढली की ओपन किचन होईल, किती मोठं वाटेल!”

काका उठले. पॅसेजमध्ये गेले, टाचा उंचावून कॅलेंडर काढलं आणि म्हणाले, “हे आधी बघून घ्या. फसवणूक नको. पावसाळ्यात बादली लावावी लागते. आणि दर वर्षी वाढतंय, तारखा टाकल्यात मी.”

एजंटने कपाळाला हात लावला. चहा झाला, जोडपं गेलं, ते नंतर सीवूड्सला कुठेतरी लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्याचं कळलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते “अहो तीनशेचार” असं.

काकांनी फाईलची चेन लावली, चहाचे दूध-साखरेसकट पैसे लाल वहीत मांडले, आणि मला जिन्यात गाठून म्हणाले, “माणसं चांगली होती. पण आपल्याला घाई नाही.”

तेव्हा फ्लॅट अजून विकायचाच आहे. एक बीएचके, हवेशीर, कागदपत्रं चोख. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर जरूर पाठवा. ओलीबद्दल हवं ते विचारू द्या, भावात घासाघीस तर करूच द्या. फक्त स्वयंपाकघराच्या चौकटीबद्दल त्यांना काही बोलू नका म्हणावं.