एसएमपीएस साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. रा. रा. एसएमपीएस साहेब (पीसीचे वीजपुरवठा खाते),
मु. पो. कॅबिनेटचा तळमजला, केबलींच्या गुंत्यामागे.

विषय : ग्राफिक्स कार्डाच्या किणकिणाटापायी आपणांस नाहक बडतर्फ केल्याबाबत.

सा. न. वि. वि.

साहेब, आपल्या सोशिकपणाला तोड नाही. गेमिंग पीसी असेंबल करायला निघालेला तरुण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतो, मग प्रोसेसर, मग रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, मग काचेच्या दाराचे कॅबिनेट. खिसा रिकामा होत आला की त्याला आपली आठवण येते. मुंबई पालिकेच्या दप्तरी डॉ. भडकमकर मार्ग आणि लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड असलेल्या रस्त्यावर काउंटरवरचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : "उरलेल्या पैशात एसएमपीएस कुठला बसेल?" दुकानदार मागच्या फळीवरून एक काळा डबा काढतो, "चालून जाईल" म्हणतो आणि विषय संपतो.

पुढे आठवडाभरात कॅबिनेटमधून बारीक, टोचणारा आवाज येऊ लागतो. कानाशी डास गुणगुणावा तसा. घरातली मोठी माणसे "काही जळतंय का रे?" म्हणत खोलीत डोकावतात. मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खटला उभा राहतो आणि पाच मिनिटांत निकालही लागतो : एसएमपीएस कमी पडतोय भाऊ, हजार वॅटचा घे. चौकशी नाही, पंचनामा नाही. आपली हकालपट्टी होते, नवा डबा बसतो आणि रात्री गेम सुरू झाल्यावर तोच आवाज त्याच सुरात हजर. या अन्यायाबद्दल तमाम ग्राहकांच्या वतीने आपली क्षमा मागावी, म्हणून खाली सही करणाराचा हा पत्रप्रपंच.

खरा आवाजी कोण, हे आपण जाणताच. ग्राफिक्स कार्डाच्या चिपला व्होल्ट लागतो जेमतेम एक, पण अँपिअर लागतात शेकड्यांनी. आपण वर पाठवता बारा व्होल्ट. ते उतरवून देण्याच्या कामात कार्डावर एक रांगच बसलेली असते चोकांची, म्हणजे आत तारेचे वेटोळे असलेल्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांची. त्यांच्यातून जाणारा प्रवाह कमीजास्त झाला की चुंबकीय ओढाताणीने ती तार आणि तो गाभा अगदी सूक्ष्म थरथरतो. या सर्किटची मूळ उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा चालते, ती कुत्र्यालाही ऐकू येणार नाही. पण गेममध्ये दर फ्रेमला चिपवरचा भार उसळतो आणि ओसरतो. सेकंदाला तीनशे फ्रेम म्हणजे तीनशे हेलकावे. फ्रेम दोन-तीन हजारांवर गेल्या की सूर नेमका त्या पट्टीत चढतो, जिथे माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. यालाच मंडळी कॉइल व्हाइन म्हणतात. यात काही जळत नाही, आणि बहुतेक कंपन्या वॉरंटीत हा दोष म्हणून धरायलाही राजी नसतात.

म्हणूनच कार्ड भर लढाईत गप्प असते आणि मेनूवर किंचाळते. समोर स्थिर चित्र आणि चार बटणे. काढायला काहीच अवघड नाही, त्यामुळे कोणी आवरले नाही तर कार्ड तेच पान सेकंदाला हजारो वेळा काढत बसते. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा हेच झाले. मेनूवर कार्डे तापू लागली आणि ब्लिझार्ड कंपनीने सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या : मेनूत ३० फ्रेम, खेळात ६०. अकरा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, अॅमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड'च्या चाचणी आवृत्तीत काहींची महागडी आरटीएक्स ३०९० कार्डे बंद पडली. ईव्हीजीए कंपनीने आपली सुमारे दोन डझन निकामी कार्डे तपासली, तर दोष कारखान्यातल्या डाखकामात निघाला. अॅमेझॉननेही मेनूवरच्या फ्रेमना मर्यादा घातली. दोन्ही प्रकरणांत आपले नाव कुठेही नाही, साहेब.

आवाजाच्या बाबतीत कार्डाचे खानदानच तसे आहे. २००३ सालचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा इतके घोंघावायचे, की खुद्द एनव्हिडिया कंपनीने त्याची टिंगल करणारा एक व्हिडिओ काढला. स्वतःच्या मालाची अशी जाहीर थट्टा करण्याचा दिलदारपणा त्यानंतर कोणी फारसा दाखवलेला नाही.

तर आरोप ठेवण्यापूर्वी निदान आवाज कुणाचा हे तरी पाहावे, एवढीच आमच्या अशिलांची, म्हणजे आपलीच, माफक अपेक्षा. त्याला दुकान गाठावे लागत नाही. कॅबिनेटचे दार काढावे, कालच्या पेपरची सुरळी करावी, एक टोक कानाला लावावे आणि दुसरे कार्ड, पंखे, एसएमपीएस यांच्याजवळून सावकाश फिरवावे. सुरळी आत खुपसू नये, पात्यात अडकते. हे करताना माणूस जरा वेडगळ दिसतो, पण आवाज वरून येतो की खालून, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. मग फ्रेमना ६०ची मर्यादा घालून पाहावी. सूर उतरला किंवा नाहीसा झाला तर चोक. सूर ढिम्म हलला नाही तर पंखा. पंख्याचा वेग सॉफ्टवेअरमधून तीस टक्के आणि सत्तर टक्के करून पाहिला की तेही कळते : टकटक ऐकू आली तर बहुधा एखादी केबल पात्याला लागते आहे, घरघर असेल तर बेअरिंग गेले आहे. पंखा दर दोन मिनिटांनी उठतो आणि झोपतो, अशीही तक्रार असते. ती बिघाडाची नाही. आताची बरीच कार्डे थंड असताना पंखे पूर्ण थांबवतात, आणि तापमान नेमके त्या उंबरठ्यावर घुटमळत असले की हा खेळ चालतो. पंख्याचा आलेख थोडा बदलला की संपतो.

चोकाचाच आवाज ठरला, तर औषधे साधी आणि फुकट आहेत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर ५०० फ्रेम काढून उपयोग काय? तेवढ्यावरच मर्यादा घालावी. चिपचा व्होल्टेज थोडा उतरवला, ज्याला ही मंडळी अंडरव्होल्ट म्हणतात, की आवाज, उष्णता आणि वीज तिन्ही घटतात. आता हेही कबूल करायला हवे की क्वचित एसएमपीएस बदलल्यावर कार्डाचा सूर बदलतो, आणि कधी कधी आपल्याच पोटातली कॉइल गुणगुणत असते. पण त्या भरवशावर दहा-पंधरा हजार घालणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढणे.

इथवर आपली स्तुती झाली. मात्र आपणही काही धुतल्या तांदळाचे नाहीत, साहेब.

आधी आपल्या अंगावरच्या स्टिकरबद्दल. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या आपल्या गरीब चुलतभावांवर ठसठशीत '४५० वॅट' छापलेले असते. खालच्या बारीक कोष्टकात बारा व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असेल, तर गुणाकार २१६ वॅटचाच होतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून खेचतात. बाकीचे वॅट नावापुरते. खरेदीला गेलेल्याने मोठा आकडा न वाचता हे कोष्टक वाचावे, दुकानदार कितीही कंटाळला तरी.

मग येतात ब्राँझ, गोल्ड, टायटॅनियम ही आपली पदके. २००४ पासून चाललेली ही '८० प्लस' योजना कार्यक्षमतेची आहे, चारित्र्याची नव्हे. मूळ चाचणी ११५ व्होल्टवर आणि २३ अंशांच्या आसपास होते. आपल्या सॉकेटात २३० व्होल्ट आणि मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत किती अंश, ते न सांगितलेले बरे. अर्ध्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के आणि गोल्डची ९०. आत ३०० वॅट लागत असतील तर भिंतीतून एक ३५३ खेचतो, दुसरा ३३३. रोज चार तास खेळणाऱ्याचे महिन्याला दोन-अडीच युनिट वाचतात. वीजबिलाच्या बचतीसाठी गोल्ड घेतो, असे सांगणाऱ्याने हा हिशेब वडिलांना दाखवू नये. आवाज किती, संरक्षण कसे, भार अचानक चढला तर काय, यांबद्दल ते पदक अवाक्षर काढत नाही.

त्याचा दाखला म्हणजे २०२१. कार्डांचा दुष्काळ होता. अमेरिकेत न्यूएग हे दुकान कार्डाच्या गळ्यात एसएमपीएस बांधून विकत होते, आणि त्यांतला एक होता गिगाबाइट कंपनीचा पी७५०जीएम, छातीवर गोल्डचे पदक मिरवणारा. परीक्षकांच्या बाकावर त्यांतले काही फटाक्यासारखे फुटले. ऑगस्टमध्ये गिगाबाइटने ७५० आणि ८५० वॅटच्या ठराविक खेपा बदलून द्यायचे जाहीर केले. जादा भाराला तोडणारे संरक्षण आधी क्षमतेच्या १२० ते १५० टक्क्यांवर जागे व्हायचे, ते ११० ते १२०वर आणले.

उलट टोकाचाही अनुभव आहे. चांगल्या घराण्यातले आपले काही बंधू कमालीचे तडफदार. आरटीएक्स ३०९०च्या पिढीतली कार्डे काही मायक्रोसेकंदांपुरती आपल्या नेमून दिलेल्या वॅटच्या दुप्पट झेप घ्यायची, आणि हे बंधू शॉर्टसर्किट समजून तत्काळ ट्रिप व्हायचे. पीसी बंद, ग्राहक हवालदिल. अखेर इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नवा नियम आणला : १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार एसएमपीएसने निमूट सोसावा.

आणि आता ते प्रकरण, ज्यात खरोखर धूर निघाला. याच नियमाबरोबर १२व्हीएचपीडब्ल्यूआर असे उच्चारताना जीभ अडखळावी अशा नावाचा सोळा पिनांचा कनेक्टर आला. जुना आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅट न्यायचा, म्हणजे बारा व्होल्टच्या तीन पिनांना प्रत्येकी सव्वाचार अँपिअरही नाहीत. नव्यातून ६०० वॅट न्यायचे ठरले : सहा पिना, प्रत्येकी सव्वाआठ अँपिअर, आणि पिनेची मर्यादा साडेनऊच्या घरात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० बाजारात आले आणि महिना उलटायच्या आत वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरात एनव्हिडियाने सुमारे ५० प्रकरणे मान्य केली. गेमर्स नेक्सस या अमेरिकन चॅनेलने प्रयोगशाळेची मदत घेतली, तर मुख्य कारण निघाले कनेक्टर पुरता आत न बसणे. मग १२व्ही-२x६ ही सुधारित आवृत्ती आली : इशारा देणाऱ्या पिना आखूड, वीज नेणाऱ्या किंचित लांब, म्हणजे अर्धवट बसलेल्या कनेक्टरातून पूर्ण वीज जाऊ नये. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९०ची तीच कहाणी पुढे आली. डेअरबावर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन ओव्हरक्लॉकरने मापून दाखवले, तर सहांपैकी एका तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह जात होता आणि एसएमपीएसकडचे टोक १५० अंशांपर्यंत तापले होते. हे सगळे होताना कार्ड हूं की चूं करत नव्हते. किणकिणाटासाठी रात्री जागवणारे ग्राहक हा कनेक्टर मात्र एकदा बसवला की पुन्हा पाहत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक मानकरी आहे, तो म्हणजे यूपीएस. पेटीवर ६०० व्हीए असते, प्रत्यक्षात वॅट ३६० मिळतात. लाईट गेली की भर गेममध्ये तो चीं-चीं करून मान टाकतो. त्यातून स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीज काही एसएमपीएसना पचत नाही आणि ते गुरगुरतात. दोष पुन्हा आपल्याच माथी.

सबब, ग्राहकांना आपल्या वतीने इतकेच सुचवावेसे वाटते. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचे कार्ड, त्याला कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. त्याच्यासाठी हजार वॅट घेऊ नयेत, ते पैसे चांगल्या साडेपाचशेत घालावेत. स्वतंत्र परीक्षणात उघडून, भार टाकून तपासलेले मॉडेल निवडावे, कारण एकाच कंपनीत हिराही असतो आणि गारगोटीही. नवा सोळा पिनांचा कनेक्टर असेल तर तो फट दिसेनाशी होईपर्यंत दाबावा आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटर तरी तार सरळ ठेवावी. कॅबिनेटचे काचेचे दार त्या तारेला दाबत असेल, तर कॅबिनेट चुकले आहे, तार नव्हे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खाली सही करणारा एक ग्राहक

ता. क. : आपल्या जागी दुसरे साहेब आणलेच, तर आपल्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या, केबली त्यांना लावू नयेत. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कोणताही सामाईक नियम नाही. केबल बिनबोभाट बसते आणि पहिल्याच बटणाला हार्ड डिस्क जाते.