दंतरक्षणाची घरगुती तजवीज

निजेत दात खाण्याची आमची सवय ही आमच्या दृष्टीने केवळ ऐकीव वार्ता होती. कारण गुन्हा घडतेवेळी आरोपी गाढ निद्रेत असे आणि जाग्या असत त्या एकट्या सौभाग्यवती. परंतु दाढांची शिखरे झिजून सपाट झाल्याचा पुरावा दंतवैद्याने आरशात रुजू केला, वरच्या दातांवर रात्री चढवावयाच्या ॲक्रिलिकच्या कठीण पट्टीची शिफारस केली आणि तिचा खर्चही सांगितला, तेव्हा मात्र आम्ही जागेपणी, पूर्ण शुद्धीवर दातओठ खाल्ले.

ज्या गृहस्थाने गळका नळ, मोडकी छत्री आणि मेहुण्याचे लग्न ही तिन्ही प्रकरणे घरच्या घरी निकालात काढली, त्याने स्वतःच्या तोंडाचा मक्ता परक्यास का द्यावा? शिवाय इतिहासही आमच्याच बाजूस होता. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1789 साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या मुखात स्वतःचा असा एकच दात शिल्लक होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने पाणघोड्याच्या दातापासून घडविलेली खास कवळी त्यांच्या सेवेस होती, आणि तरीही कवळीमुळे ओठ पुढे येतात अशी फिर्याद अध्यक्षमहाराजांना पत्राने गुदरावी लागली. तेथे आम्हां पेन्शनरांची दाद कोण घेणार, असा युक्तिवाद करून आम्ही गरम पाण्यात मऊ करून चावावयाची एक पट्ट्यांची जोडी मागविली.

पहिली पट्टी पाण्यात पळभर अधिक राहिली आणि तळणातल्या पापडासारखी वाकडी झाली. दुसरी मात्र सौभाग्यवतींच्या चहाच्या पातेल्यातून अलगद काढून, पुस्तिकेतील हुकमाबरहुकूम दाताखाली दाबताच तिने हुबेहूब ठसा घेतला, आणि कारागिरीचा आनंद सबंध एक रात्र टिकला. सकाळी जबडा ठणकत होता, कारण मऊ जिन्नस दातांत सापडताच त्याने तो सुपारी समजून रात्रभर चघळला होता. चौथ्या रात्री पट्टी सैल होऊन मागे घसरली, आणि स्वतःचे दात स्वतःच्याच घशात घालण्याचा योग थोडक्यात टळला.

अखेर निमूटपणे दंतवैद्याच्या खुर्चीत हजर झालो. त्याने गुळगुळीत लगद्यात वरखाली दोन्ही दंतपंक्तींचे ठसे घेतले, त्यांत प्लास्टर ओतले, आणि आठवड्याने पट्टी आली. आम्हांस वाटले, काम फत्ते झाले. परंतु निळा कागद दातांत धरून "चावा, घासा" म्हणावे, पट्टीवर उमटलेला ठिपका यंत्राने केसभर खरवडावा, पुन्हा कागद धरावा, असे त्या सद्गृहस्थाने अर्धा तास चालविले, आणि दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच क्षणी, सारख्याच भाराने टेकेपर्यंत आमची सुटका केली नाही. आमच्या पातेल्यात सारे होते, हा निळा कागद तेवढा नव्हता. बिलात सूट मागण्याचा मसुदा मनात तयार होता, पण तोंड उघडे असूनही बोलण्याची सोय नव्हती.

दातांचा आवाज आता बंद झाला आहे. त्यामुळे त्याखाली इतकी वर्षे दबलेले आमचे घोरणे सौभाग्यवतींना प्रथमच स्पष्ट ऐकू येऊ लागले. खालचा जबडा पुढे ओढून धरणारी, घोरण्यावरची पट्टीही दंतवैद्य करून देतात असे कळते. चहाचे पातेले तूर्त कपाटात कुलूपबंद आहे.