पोटकलम वाळू

आमच्या स्थापत्य अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप समूहाची मुखत्यारी मजकडे चालून आली तेव्हा मी नकार दिला खरा, परंतु आग्रह पुन्हा होईल की नाही या धास्तीने तो पुरेशा क्षीण स्वरात दिला. राजकीय चर्चेस पायबंद घालणे हे माझे पहिले कार्य. आणि त्यासाठी जो जाहीरनामा मी सिद्ध केला, त्यात ‘सबब’, ‘परंतुक’ आणि ‘बेमुदत’ हे शब्द अशा सढळ हाताने योजले होते की, वाचणाऱ्यास आपण समूहातून नव्हे, एखाद्या संस्थानातून हद्दपार होत आहोत असे वाटावे. सरकारी सेवेतील सभासदांस महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील पाचव्या नियमाचे स्मरण देण्यासही मी विसरलो नव्हतो. उत्तरादाखल बहुतेकांनी जोडलेल्या हातांचे चित्र पाठविले. ती संमती होती की निरोप, हे त्या चित्रावरून ठरत नसल्याने मी ती वंदना मानली.

येथे १८९५ सालच्या पुण्यात शिरण्याची मुभा वाचकांनी द्यावी. न दिल्यास मी तसाही शिरणारच आहे. न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून राष्ट्रीय सभेच्या पाठोपाठ भरे, आणि सभेचा मंडप तिच्या उपयोगी पडे. त्या वर्षी सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभा पुण्यास भरावयाची ठरली, आणि परिषदेस मंडप द्यावा की नाही यावरून असे रण माजले की, मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली व अखेर रानड्यांनी परिषद अन्यत्र भरविली. तेथे राजकारणाला इतरांचा विटाळ नको होता, येथे इतरांना राजकारणाचा नको. तरीही हे प्रकरण मी ज्याला त्याला ऐकवतो, कारण त्यात रानड्यांच्या जागी स्वतःस बसवून पाहण्याची उत्तम सोय आहे. क्षुब्ध समूहाचा धीरोदात्तपणे त्याग करतानाचे माझे भाषण कित्येक रात्री अंथरुणात पाठ झालेले आहे. “रानड्यांच्या हातात माणसे काढून टाकायचं बटण नव्हतं,” एवढाच शेरा आमच्या कुटुंबाने त्यावर मारला.

पहिला पेच वाळूने घातला. कोणी सहज दर विचारला; त्यावरून सरकारने २०२३ साली जाहीर केलेला ६०० रुपये ब्रासचा भाव निघाला; एकाने धोरणकर्त्यांचे स्तोत्र आरंभिले, दुसऱ्याने त्या भावाची वाळू डोळ्यांनी पाहिलेला इसम हजर करण्याचे आव्हान दिले, आणि मी जाहीरनाम्याच्या आधारे ‘कलम चौथे’ एवढेच लिहून दोघांस गप्प केले. त्यावर एका निवृत्त कार्यकारी अभियंत्यांनी विनम्रपणे लिहिले की, एम-२० काँक्रीटचे प्रमाण एकास दीडास तीन. पैकी मधला दीड भाग राजकारण म्हणून वगळून उरलेल्या सिमेंट-खडीचा स्लॅब मुखत्यारांनी एकवार घालून दाखवावा. मी तत्काळ पोटकलम जोडले: वाळूचा दर हा व्यवसाय, वाळूचे धोरण हे राजकारण. मग निविदा कशात मोडते, हे त्यांनी विचारले नाही. ते सज्जन आहेत.

पुढे एका रात्री मराठवाड्यातील एका तरुण कंत्राटदाराने लिहिले की, पाण्याच्या टाकीचे काम पुरे झाले आहे, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या आहेत, परंतु निधी नसल्याने बिल निघत नाही. बायकोचे दागिने गहाण आहेत, मजुरांना तोंड दाखवता येत नाही. कोणत्या टेबलाशी जावे? त्याने ना पक्षाचे नाव घेतले होते, ना पुढाऱ्याचे. तरी एका बाजूने हा सरकारवरील आरोप म्हणून काढून टाकण्याची मागणी झाली, तर दुसऱ्या बाजूस त्या दागिन्यांत नवी घोषणा सापडली. मध्यरात्रीपर्यंत दोन्ही बाजू परस्परांवर तुटून पडल्या. बिल किती रकमेचे, हे मात्र एकानेही विचारले नाही. यांतील अनेकांबरोबर मी धरणांच्या भिंतींवर भर उन्हात उभा राहिलो आहे. त्यांचा असा संताप मला तेथे कधी आला नव्हता.

मी समूहास कुलूप घातले आणि त्या मुलाला फोन लावला. तो पहिले वाक्य बोलला ते असे : “सर, मला काढताय का?”

काढले नाही. उलट, ज्या गृहस्थांनी त्याचा मजकूर काढण्याची मागणी केली होती, त्यांच्याकडेच बिल कोठे अडले आहे याचा तपास सोपविला. कारण आपले साडू मंत्रालयात आहेत, हे ते आम्हांस बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगी ऐकवत आले आहेत. नाही म्हणणे त्यांना अशक्य झाले. साडूंचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. ते आल्यास कोणत्या कलमान्वये प्रसिद्ध करणार, अशी पृच्छा निवृत्त कार्यकारी अभियंत्यांनी आगाऊच नोंदवून ठेवली आहे.