ऐकायचं काय त्यात!

साताऱ्यात कंदी पेढ्याचा तुकडा चाखल्याशिवाय पाव किलोही न घेणारे आमचे एक स्नेही. त्यांनी गिटारसाठी अमेरिकेतून हाताने जोडलेला ५० वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर मागवला. किंमत लाखांत, वर कस्टम ड्यूटी. आवाज मात्र फोनवरच ऐकलेला. ‘उबदार’ आहे म्हणे. व्हॉल्व्हच ते, तापणारच! असली पेटी आवाज वाढवल्यावर खुलते. यांचं बटण दोनच्या पुढे गेलं की खालच्या काकू वर येतात.

वाद्य ऐकून कसं घ्यायचं ते बघायचं, तर साताऱ्याहून मिरजेला थेट गाडी आहे. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे आधी गळ्याची पट्टी विचारतात: काळी एक की काळी चार? मग कारागीर घोडी जराशी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवतो. जवारी बोलेपर्यंत गिऱ्हाइकाने मुकाट चहा प्यायचा. (फोटोतली नक्षी पाहून तंबोरा मागवणारेही आहेत म्हणा.)

‘मुंबईला जाऊन एखादा अॅम्प्लिफायर ऐकायचा तरी होतात,’ मी स्नेह्यांना म्हटलं. ‘एवढ्या लांब कोण जाणार?’

आता ते १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर चालवायला ट्रान्सफॉर्मर हवाय. तो मात्र सांगलीला स्वतः जाऊन, लावून बघूनच घेणार आहेत.