समस्त सहलेखक मित्रमंडळ

डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर वाढदिवसांचे फ्लेक्स बघून बघून आमची नजर मेली आहे. परवा मात्र थबकलो. या फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला गॉगल नव्हता, चष्मा होता. गळ्यात सोन्याचा गोफ नव्हता, ओळखपत्राची दोरी होती. ‘आमचे मार्गदर्शक, ज्येष्ठ सर्वेक्षण-संशोधक डॉक्टरसाहेब यांचा एच-इंडेक्स 14 झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! पोहोच : 31 देश. शुभेच्छुक : समस्त सहलेखक मित्रमंडळ.’

हा एच-इंडेक्स 2005 साली एका भौतिकशास्त्रज्ञाने काढला. 14 म्हणजे साहेबांचे 14 निबंध असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा दाखला निदान 14 वेळा कुणीतरी दिलेला आहे. कुणीतरी म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा मित्रमंडळच. लग्नातल्या आहेराची वही असते ना, तसं आहे हे. त्यांनी 501 घातले, आपण 501 घालायचे. नवरा-नवरी कोण, हे विचारायचं नाही.

पण आम्ही अडकलो ते नकाशात. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात अख्खं जग छापलं होतं. डोंबिवलीच्या जागी एक लाल ठिपका आणि त्यातून सुटलेल्या रेषा. जितकं सहलेखन जास्त तितकी रेषा जाड. फिनलंडला एक, दक्षिण कोरियाला एक, आणि ब्राझीलला अशी जाडजूड, की तिच्याखाली निम्मी आफ्रिका झाकली गेली होती. साहेबांचा अभ्यासविषय ‘कल्याण-डोंबिवली-दिवा पट्ट्यातील स्थलांतरित कुटुंबांचे राहणीमान’. म्हणून आम्ही कल्याणची रेषा शोधली. नाही. ठाण्याची? नाही. किमान डोंबिवली पश्चिमेची? तीही नाही! आता पूर्वेहून पश्चिमेला जाणं हे परदेशगमनापेक्षा अवघड होतं, असा एक काळ होऊन गेला, हे मान्य. कोपरचा पूल 2019 च्या सप्टेंबरात बंद झाला तो 2021 च्या सप्टेंबरात उघडला, आणि मधली दोन वर्षं अख्खं गाव ठाकुर्लीच्या पुलावर हॉर्न वाजवत उभं होतं. तिकडे कल्याणचा पत्रीपूल 2018 मध्ये पाडला, नवा मिळाला 2021 च्या जानेवारीत. त्या दिवसांत साहेबांना ब्राझील जवळ पडलं असेल, तर आमची तक्रार नाही. पण पूल होऊन जमाना झाला, साहेब! रिक्षा मिळते. शेअरमध्येही मिळते.

न जाण्याचं शास्त्रीय कारणही आहे म्हणे. नमुना 2011 च्या जनगणनेवरून काढलेला. तेव्हा कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साधारण 12 लाख 47 हजार होती, आणि 2021 ची जनगणना 2021 मध्ये झालीच नाही. त्यामुळे यादीतल्या गटात चाळ असते आणि जागेवर टॉवर उभा असतो. खाली वॉचमन विचारतो, कुठला फ्लॅट, अ‍ॅपवर एन्ट्री आहे का? त्याने आत सोडलं तर संशोधन, नाही तर चहा. एवढा निर्णायक माणूस, पण त्याचं नाव सहलेखकांत कधी वाचलंय?

आत जातात त्या सर्वेच्या मुली. साहेब नव्हे. मुली दिव्याला उतरतात, चिखल तुडवतात, ‘ताई, पाचच मिनिटं’ म्हणतात आणि पाऊण तास घेतात. ताईंच्या एका हातात नळाला लावलेला पाइप, दुसऱ्याने भरलेलं पिंप सरकवणं, आणि तोंडाने ‘गेल्या 30 दिवसांत घरात कडधान्य किती लागलं’ याचं उत्तर. पाणी तासभरच येतं, तरी उत्तर देतात, कारण दारात आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं! मग त्या उत्तराचं काय होतं? ते इंग्रजीत जातं, परदेशी नियतकालिकात छापलं जातं आणि कुलूपबंद होतं. त्या ताईंना स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं झालं, तर तीस-चाळीस डॉलर भरायचे! आणि कुणी वेडा निघाला, त्याने तेच मराठीत चार पानांत लिहून दिव्यात वाटलं, तर त्याला गुण किती? शून्य. पोहोच किती? तीही शून्य, कारण दिवा हा देश नाही. संताप येतो, आणि तो विनोदात बसवायचा आज कंटाळा आलाय.

तरीही हे गुण देणाऱ्या समितीसाठी एक सूचना. एच-इंडेक्स राहू द्या, जोडीला पाणी-निर्देशांक आणा. ज्या संशोधकाला निदान 5 घरांत प्रत्येकी 5 वेळा ‘पाणी घेणार का’ असं विचारलं गेलं, त्याचा निर्देशांक 5. म्हणजे त्याच घरी पाचदा जावं लागणार. पाचव्या खेपेला निष्कर्ष सांगायला जावं लागणार, आणि ‘आमचं कडधान्य एवढं कसं लिहिलंत?’ हेही ऐकून घ्यावं लागणार. स्वतःच्या घरी प्यायलेलं पाणी धरू नये. सहलेखकांकडचं तर मुळीच नाही.

सर्वेच्या मुलींचा पाणी-निर्देशांक आजच साहेबांच्या पुढे असेल. निबंधात त्यांचा उल्लेख आहे. शेवटच्या तळटीपेत, ‘स्थानिक पथकाचे आभार’ असा. फॉर्ममागे ठरलेले पैसे दिवाळीआधी देतो म्हणाले होते. कुठल्या दिवाळीआधी, हे विचारायचं मुलींचं राहून गेलं.